सोलर कंट्रोलर ‘गेला’ म्हणण्याआधी: दोष शोधायचा कसा, पायरीपायरीने

शेतावरच्या घरात सोलरवर दिवे, पंखा आणि मोबाइल चार्जिंग चालवणाऱ्या कोणालाही विचारा, संध्याकाळी सातलाच दिवे गेले की पहिला संशय कंट्रोलरवर, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या चार्जिंगच्या डब्यावर, जातो. साहजिकच आहे. भिंतीवर समोर तोच दिसतो, दिवे त्याचेच लुकलुकतात आणि दुकानदारही फोनवर तेच सांगतो, ‘कंट्रोलर गेला असेल, नवीन घेऊन जा.’ आमच्या जुन्नरच्या पट्ट्यात बिबट्यामुळे रात्री अंगणात अंधार ठेवून चालत नाही, म्हणून लोक फार चौकशी न करता नवा आणतात. तो लावल्यावरही दिवे सातलाच जातात, आणि मग पॅनल बदलायच्या गोष्टी सुरू होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की कंट्रोलरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. त्याच्या आधी बॅटरी, जोड, पॅनल आणि सेटिंग या क्रमाने तपासा. मीटर लावता येत असेल तर यातलं बहुतेक काम घरच्या घरी होतं.

खालचे सगळे आकडे १२ व्होल्टच्या सिस्टिमचे आणि पाण्याच्या ट्युब्युलर बॅटरीचे आहेत. २४ व्होल्टची सिस्टिम असेल तर व्होल्टचे आकडे दुप्पट धरा. लिथियमचं वेगळं आहे, ते जिथल्या तिथे सांगितलंय. आणि एक गोष्ट आधीच: सरकारी योजनेतून मिळालेल्या सौर कृषी पंपाच्या पेटीलाही सगळे ‘कंट्रोलर’च म्हणतात, पण तिथे बॅटरी नसते आणि आत येणारं डीसी व्होल्टेज जीवघेणं असतं. ती पेटी उघडू नका, ज्या कंपनीने बसवली तिच्याकडेच तक्रार नोंदवा.

काय काय जवळ हवं

- डिजिटल मल्टिमीटर, डीसी व्होल्ट आणि १० अँपियर मोजणारा. साधा चालतो.
- जमलं तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायर न सोडता तिच्याभोवती अडकवून करंट मोजणारा). घेताना डीसी अँपियरचं चिन्ह बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.
- हायड्रोमीटर, बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा. बॅटरीवाल्याकडे मिळतो.
- इन्सुलेशन असलेला स्क्रू ड्रायव्हर, पाने, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली.
- रबरी हातमोजे आणि चष्मा. बॅटरीत गंधकाचं ॲसिड आहे.
- पॅनल झाकायला जाड ताडपत्री.
- कागदपत्रं: कंट्रोलरचं माहितीपत्रक, पॅनलच्या मागच्या लेबलचा फोटो, बॅटरीचं वॉरंटी कार्ड (त्यावर विक्रीची तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे ना बघा) आणि तिन्हींची बिलं. लेबलचा फोटो आजच काढून ठेवा. पावसात-उन्हात ते लेबल पुसट होतं आणि नेमकं लागतं तेव्हा वाचता येत नाही.

१. काहीही सोडण्याआधी आकडे लिहून घ्या

निरभ्र दिवशी अकरा ते दोनच्या मध्ये कंट्रोलरसमोर उभे राहा. बॅटरीचं व्होल्टेज, चार्जिंगचा करंट, स्क्रीनवर कोणती चिन्हं आहेत आणि कोणता दिवा लुकलुकतोय, सगळ्याचा फोटो काढा. एकदा वायर सोडली की कंट्रोलर नव्याने सुरू होतो, एरर पुसली जाते आणि मूळ लक्षण हातातून जातं.

इथेच पहिली गल्लत होते. भर दुपारी चार्जिंग करंट शून्याच्या आसपास दिसला की लोक घाबरतात. पण बॅटरीचं व्होल्टेज १३.५ ते १३.८ असेल तर बॅटरी भरलेली आहे आणि कंट्रोलर मुद्दामच हात आखडता घेतोय. घरातला पंखा लावा. करंट वर गेला तर सगळं ठीक आहे, मीटर परत ठेवा.

उलट बाजूने, जुलैमध्ये आठवडाभर सूर्यच दिसला नाही आणि बॅटरी उतरली, तर त्यातही दोष कसला नाही. उघडीप मिळेपर्यंत वापर कमी करा.

२. बॅटरी

आदल्या रात्री वापर लवकर थांबवा आणि पहाटे, उजाडायच्या आत, बॅटरीच्या पोलवर मीटर लावा. बॅटरी विसावलेली असते तेव्हाच तिचा आकडा खरा. १२.५ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ च्या खाली म्हणजे उतरलेली. १०.५ च्या आसपास अडकून बसली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक सेल गेलाय असं समजा, कारण एका सेलचा वाटा दोन व्होल्टचा.

आता लोड टाकून बघा. पंखा आणि दोन-तीन दिवे लावा. १२.६ वरून १२.३ झालं तर चालेल. लोड टाकताच अकराच्या खाली कोसळलं तर बॅटरी वरवर भरलेली दिसते एवढंच, आत दम नाही. अशा बॅटरीची दुसरी खूण सकाळी दिसते: उन्हं आल्यावर थोड्याच वेळात ती १४.४ दाखवते, कंट्रोलर ‘फुल’ म्हणतो, आणि संध्याकाळी तासाभरात अंधार. लोक म्हणतात कंट्रोलर नीट चार्ज करत नाही. पण बॅटरीची जागाच आकसलेली असेल तर कंट्रोलर भरणार कुठे?

खात्री करायची तर हायड्रोमीटर. आपल्याकडच्या बहुतेक ट्युब्युलर बॅटऱ्यांना पूर्ण चार्जला १.२४० च्या आसपास घनता हवी (नेमका आकडा कार्डावर असतो). एकेक सेल मोजा आणि लिहा. पाच सेल १.२३० ला आणि एक १.१७० ला असेल तर दोष सापडला. सगळेच सारखे खाली असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे, पुढे वाचा.

पाणी बघा. डिस्टिल वॉटरच घाला, बोअरचं किंवा ‘उकळून गार केलेलं’ नको. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढं आधी, बाकीचं चार्ज झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलंत तर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर येतं.

कंट्रोलरची स्क्रीनच काळी असेल तर? बहुतेक कंट्रोलर स्वतः बॅटरीवर चालतात. म्हणून आधी बॅटरीजवळचा फ्यूज, मग बॅटरी. बॅटरी आठ-नऊ व्होल्टपर्यंत मेलेली असेल तर कंट्रोलर जागाच होत नाही. ती बाहेरच्या चार्जरवर थोडी वर आणा. लिथियम फॉस्फेट बॅटरीत पोलवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले तर तिच्या आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) वाट बंद केलेली असू शकते. तिला त्याच जातीच्या चार्जरने किंवा माहितीपत्रकातल्या पद्धतीने उठवावं लागतं.

३. एकच व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा

माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी हीच, आणि वायरमन लोक नेमकी हीच करत नाहीत. दुपारी चार्जिंग चालू असताना आधी कंट्रोलरच्या ‘बॅटरी’ लिहिलेल्या दोन स्क्रूंवर मोजा. लगेच बॅटरीच्या दोन पोलवर मोजा. फरक ०.१ ते ०.२ व्होल्ट असेल तर सोडून द्या. ०.३ च्या वर गेला तर वाटेत कुठेतरी गळती आहे.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही, त्याला फक्त त्याच्या स्क्रूवरचं व्होल्टेज दिसतं. तिथे १४.४ झालं की तो हात आखडतो. त्या वेळी पोलवर १३.६ च असेल तर बॅटरी रोज अर्धपोटी उठते, हळूहळू तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि दोन-तीन वर्षांत ती खरोखरच जाते.

हिशोब करून बघा. २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध एका मीटरला सुमारे ०.००८ ओहम. बॅटरी १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.१६ ओहम. १० अँपियर चालू असताना १.६ व्होल्ट वाटेतच संपले! हीच वायर ६ स्क्वेअर एमएमची असती तर ०.७ च्या आत. आणि बॅटरी कंट्रोलरपासून दोन मीटरवर आणून ठेवली असती तर प्रश्नच नव्हता. पॅनल लांब असलं तर एक वेळ चालतं, बॅटरी लांब नको.

वायर जाड आणि आखूड असूनही फरक पडतोय? मग जोड शोधा. मीटरचं एक टोक थेट पोलच्या शिशावर आणि दुसरं त्यावर बसवलेल्या थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कानावर) टेकवा. चार्जिंग चालू असताना इथे काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. ०.२-०.३ व्होल्ट दिसले की चोर तिथेच. असंच फ्यूजच्या दोन टोकांवर, एमसीबीच्या वर-खाली आणि प्रत्येक जोडावर करत या.

थिंबल वरून चकचकीत असतं, त्याला फसू नका. वायर हलकीच ओढून बघा. पक्कडीने दाबून बसवलेलं थिंबल असेल तर पुष्कळदा वायर सरळ हातात येते. तारांची टोकं काळी पडलेली, वरच्या आवरणाखाली दोन बोटं आतपर्यंत हिरवट भुकटी आणि प्लॅस्टिक ताठ होऊन कडकड वाजणारं. एवढा भाग कापून टाका आणि चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा. नवीन थिंबल क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या. पोलवर पांढरी-निळसर बुरशीसारखी पूड असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा (झाकणं घट्ट लावून, सोडा आत जाता कामा नये), पुसा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग आवळणं हा उलटा क्रम टाळा.

कंट्रोलरचे स्क्रूही बघा. स्क्रूभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल तर तिथे जोड सैल राहून तापतोय. उन्हाळा-हिवाळ्यात वायर सैल होते, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी सगळे स्क्रू आवळायचे.

४. पॅनल

पीडब्ल्यूएम (म्हणजे साध्या, स्वस्त प्रकारच्या) कंट्रोलरवर चार्जिंग चालू असताना पॅनलच्या स्क्रूंवर मोजलंत तर साधारण बॅटरीएवढंच, १३-१४ व्होल्ट दिसेल. नवखा माणूस म्हणतो, ‘१८ व्होल्टचं पॅनल १३ च देतंय!’ पीडब्ल्यूएमची पद्धतच तशी आहे, तो पॅनलला बॅटरीच्या पातळीवर ओढून आणतो. पॅनलची परीक्षा त्याला मोकळं सोडूनच घ्यायची.

पॅनल ताडपत्रीने झाका, मग कंट्रोलरकडची पॅनलची वायर सोडा. करंट चालू असताना एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरींचे टक्क करून बसणारे जोड) ओढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ती ताणली जाते आणि कनेक्टर जाळते. आता ताडपत्री काढून मोजा. ३६ सेलच्या ‘१२ व्होल्ट’ पॅनलच्या लेबलवर व्हीओसी (काही न जोडता मिळणारं व्होल्टेज) २१-२२ लिहिलेलं असतं, पण ते २५ अंशांवरचं. एप्रिलच्या दुपारी पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला व्होल्टेज साधारण ०.३ टक्का उतरतं, तेव्हा १९ च्या आसपास मिळाले तरी पॅनल पास.

नुसतं व्होल्टेज बघून थांबू नका. ढगाळ हवेतही, धुळीने माखलेलं पॅनलही जवळपास पूर्ण व्होल्टेज दाखवतं. करंट बघायला हवा. १०० वॉटच्या १२ व्होल्ट पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट (दोन वायरी थेट जोडल्यावर वाहणारा) सहा अँपियरच्या आसपास असतो. एकटं असं पॅनल असेल तर मीटर १० अँपियरच्या खाचेत लावून थेट पॅनलच्या दोन वायरींवर मोजता येतो (मीटर लावताना-काढताना पॅनल झाकलेलं ठेवा). कडक उन्हात लेबलच्या ऐंशी टक्क्यांच्या वर मिळाला की झालं. हल्लीच्या ५४० वॉटच्या पॅनलला हा प्रयोग नको, त्याचा करंट जवळजवळ १४ अँपियर असतो आणि मीटरचा फ्यूज जातो. तिथे क्लॅम्प मीटरच.

आणि लगेच मीटरची लाल वायर व्होल्टच्या खाचेत परत घाला. ती १० अँपियरच्या खाचेत राहिली आणि तशीच बॅटरीला लावली, तर तो बॅटरीचा सरळ शॉर्ट असतो. मीटर तर जातोच, हातही भाजतो.

करंट कमी मिळाला तर आधी साधी कारणं घ्या. पक्ष्यांची विष्ठा, ऊसतोडीनंतर पाचट जाळल्याची राख, रस्त्याकडेची धूळ. सकाळी लवकर, काच थंड असताना धुवा. सावली बघा: शेवग्याची एक फांदी वाढून तीन वाजता कोपऱ्यावर येत असेल तर फक्त कोपरा जात नाही, सेलची अख्खी रांग बाद होते. दोन पॅनल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) असून करंट बरोबर निम्मा दिसतोय? मग एकाचा कनेक्टर आत जळालाय किंवा नीट बसलेला नाही. टक्क आवाज येईपर्यंत दाबा.

५. पॅनल आणि कंट्रोलरची जोडी जुळते का

हा दोष पहिल्या दिवसापासूनच असतो, म्हणून तो कोणी शोधत नाही. ५४० वॉटचं मोठं पॅनल स्वस्त पडतं म्हणून आणलं आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरने जोडलं. पॅनल १३ अँपियर देणार, बॅटरी १३ व्होल्टवर, म्हणजे हाती लागतात १७० वॉट. बाकीचे विकत घेऊन छपरावर वाळत टाकले. अशा पॅनलला एमपीपीटी कंट्रोलरच हवा, जो पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज चार्जिंगच्या करंटमध्ये बदलतो.

एमपीपीटीतही एक फास आहे. बहुतेकांच्या नावात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ व्हिक्ट्रॉन कंपनीचा १००/२०: पहिला म्हणजे पॅनलकडून जास्तीत जास्त किती व्होल्ट चालतील, दुसरा म्हणजे चार्जिंगचे अँपियर. आता ४९ व्होल्टची दोन पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक) लावली, ९८ झाले, कागदावर बसलं. पण जानेवारीत निफाडला सकाळी पारा दहाच्या खाली जातो आणि थंडीत पॅनलचं व्होल्टेज चढतं. १५ अंशांचा फरक धरला तरी चार टक्के, म्हणजे १०२. कंट्रोलर पहिल्याच कोवळ्या उन्हात जातो आणि वॉरंटीत बसत नाही. लेबलवरच्या बेरजेला पंधरा-वीस टक्के मोकळीक ठेवा.

उलट टोकाला, व्होल्टेज कमी पडलं तरीही एमपीपीटी सुरू होत नाही. व्हिक्ट्रॉनच्याच कंट्रोलरला सुरुवातीला बॅटरीपेक्षा पाच व्होल्ट जास्त लागतात.

६. सेटिंग

बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या पीडब्ल्यूएम डब्यांवर बटण दाबून ठेवलं की बॅटरीचा प्रकार येतो: बी-वन सीलबंद, बी-टू जेल, बी-थ्री पाण्याची. ट्युब्युलरला बी-थ्री. घरातल्या पोरांनी बटणं दाबून ते बी-टूवर नेलं की बॅटरी कायम थोडी कमी भरते. लिथियमला मात्र बी-थ्री अजिबात नको, आणि इक्वलायझेशन (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) नावाचं जे काही असेल ते बंद.

त्याच डब्यावर लोडचं सेटिंग २४ वर हवं, म्हणजे लोड कायम चालू. शून्यावर असेल तर दिवे फक्त अंधार पडल्यावर लागतात, आणि सहावर असेल तर अंधार पडल्यापासून सहा तासांनी बरोबर बंद. ‘रोज रात्री एकच्या सुमाराला दिवे जातात, कंट्रोलर बिघडलाय’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा या एका आकड्यात असतं.

२४ व्होल्टच्या सिस्टिममध्ये व्होल्टेज आपोआप ओळखणारा कंट्रोलर असेल तर बॅटऱ्या फार उतरलेल्या असताना तो त्यांना १२ व्होल्टच्या समजू शकतो. मग सगळंच ‘ओव्हर व्होल्टेज’ दिसतं. आधी बॅटऱ्या चार्ज करून घ्या, मग जोडा.

७. लोडची बाजू

बॅटरी ११.१ च्या आसपास आली की कंट्रोलर लोड तोडतो आणि १२.६ पर्यंत चढल्याशिवाय परत देत नाही. मधल्या काळात तुम्ही बटण कितीही दाबा. हे बॅटरी वाचवण्यासाठीच आहे.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोडच्या स्क्रूंना जोडलेला असेल तर आजच काढा. ५०० वॉटचा लोड १२ व्होल्टवर जवळजवळ ५० अँपियर ओढतो आणि डबा असतो २० अँपियरचा. इन्व्हर्टर थेट बॅटरीला, मध्ये योग्य फ्यूज. कंट्रोलर खरोखर जळण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

८. आता कंट्रोलरवर आरोप ठेवा

इथवर सगळं ठीक निघालं, तरच. कंट्रोलर खरंच गेल्याच्या खुणा ठळक असतात.

- बॅटरी १२.२ वर भुकेली, ऊन कडक, पॅनल मोकळं सोडल्यावर २० व्होल्ट आणि पूर्ण करंट देतंय, पण जोडल्यावरही पॅनलच्या स्क्रूंवर २० च राहतात आणि चार्जिंग शून्य. म्हणजे आत वाट बंद आहे.
- बॅटरीच्या पोलवर १५ च्या वर जातंय आणि पाणी खळखळतंय. इक्वलायझेशन चालू नाही याची खात्री करा. नसेल तर आतला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. ताबडतोब पॅनल झाका आणि तोडा, खोलीची खिडकी उघडा, काडी पेटवू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.
- रात्री पॅनलच्या वायरीवर क्लॅम्प मीटरला करंट दिसतो. म्हणजे बॅटरी उलटी पॅनलमध्ये रिकामी होतेय.

निकाल देण्याआधी एकदा रिसेट: लोड बंद, पॅनल झाकून तोडा, शेवटी बॅटरी तोडा. दहा मिनिटं थांबा. जाळीतून आत बघा. लाल मुंग्या किंवा चिकटून मेलेली पाल दिसली तर नवल नाही, कोकणात तर पावसाळ्यात हमखास. वॉरंटी असेल तर स्क्रूवरचं स्टिकर फाडू नका, तसाच दुकानात न्या आणि पहिल्या पायरीचे फोटो दाखवा. आकडे समोर ठेवले की दुकानदाराचं बोलणं बदलतं.

९. जोडताना

आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी लोड. तोडताना बरोबर उलट. पॅनल आधी जोडलं तर कंट्रोलरला सिस्टिम किती व्होल्टची ते कळत नाही आणि काही डबे तेवढ्यानेच जातात. प्रत्येक वायरीचं प्लस-मायनस मीटरने बघा, रंगावर भरवसा नको, कारण गावात काळी वायर संपली की वायरमन पिवळी वापरतो. बॅटरीच्या प्लसवर वीतभर अंतराच्या आत फ्यूज घाला. एमसीबी डीसीचाच घ्या, घरच्या बोर्डावरचा एसीचा नको. पुष्कळ पीडब्ल्यूएम डब्यांत आतून प्लस एक असतो आणि मायनस वेगवेगळे, त्यामुळे पॅनलचा आणि बॅटरीचा मायनस बाहेर एकत्र बांधू नका.

नवा कंट्रोलर घ्यायचा असेल तर पीडब्ल्यूएमसाठी पॅरलल पॅनलच्या शॉर्ट सर्किट करंटची बेरीज करा आणि तिच्या सव्वापट अँपियरचा घ्या. भिंतीवर उभा लावा, वर-खाली वीतभर जागा सोडून, आणि बॅटरीच्या बरोबर वर नको. ॲसिडची वाफ त्याच्या स्क्रूंना खाते. लावल्यावर बॅटरीचा प्रकार आणि लोडचा आकडा तेव्हाच सेट करा. पहिल्या निरभ्र दुपारी तिसऱ्या पायरीचे दोन आकडे पुन्हा मोजा आणि मार्करने कंट्रोलरशेजारी भिंतीवरच लिहून ठेवा, तारखेसकट.